तांदळातला खडा

१९७० साली अमेरिकेत छापून आलेल्या अर्थशास्त्राच्या एका लेखात आपल्या घरातल्या बायकांचं एक काम नोंदवलेलं आहे. तांदूळ निवडण्याचं.

लेखाचा मुख्य विषय जुन्या मोटारगाड्यांचा बाजार. पण मधेच लेखक भारतात येतो आणि सांगतो, की इथल्या गृहिणींना बाजारातून आणलेला तांदूळ काळजीपूर्वक निवडावा लागतो, कारण त्यात तांदळाच्याच रंगाचे, तांदळाच्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. बस, एवढाच उल्लेख. आणि ज्या विचारात हा उल्लेख आला, त्या विचारासाठी पुढे २००१ साली त्या लेखकाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांचं नाव जॉर्ज अकरलॉफ. १९६७-६८ मध्ये ते वर्षभर दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. लेखात गावाचं नाव नाही. पण आपल्यासारख्या धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो उल्लेख वाचून स्वतःचीच ओसरी दिसते. दुपारची कामं आटोपली की माय सूप घेऊन बसायची. पाखडायची, बोटानं दाणे सरकवायची, खडा उचलून अंगणात फेकायची. तरी जेवताना एखादा दाताखाली यायचाच. मग बाप ओरडायचा, "खडे काहून रायतेत एवढे?" बोलणी तिलाच. दुकानदाराला कोणी काही म्हणत नव्हतं.

हा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. विषय फारच किरकोळ आहे, असं त्यातल्या काहींचं म्हणणं. चौथ्या ठिकाणी तो छापला गेला. आज ग्राहक कसा वागतो, विक्रेत्यानं कसं वागावं, यावर विद्यापीठांत स्वतंत्र विभाग आहेत, एमबीएची पोरं प्रबंध लिहितात. त्यातल्या बऱ्याच विचारांच्या मुळाशी हा 'किरकोळ' लेख आहे. म्हणून म्हटलं, आपल्या सुपातून तो एकदा पाहावा.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खरी आहे, पण शीत हाती लागतं ते भात शिजल्यावर. पैसे त्याच्या आधी दिलेले असतात. अकरलॉफ यांचा मुद्दा नेमका हाच. विकणाऱ्याला माहीत असतं माल कसा आहे. घेणाऱ्याला माहीत नसतं. या फरकानं बाजाराचं काय होतं?

हिशेब करून पाहू. समजा, खरा चिन्नोर विकणाऱ्याला किलोमागे १०० रुपये मिळाले तरच परवडतं. भेसळीचा माल ६० मध्ये परवडतो. ग्राहकाला दोन्ही सारखेच दिसतात. तो मनात म्हणतो, फसलो तर? म्हणून ८० च्या वर जात नाही. ८० मध्ये भेसळवाल्याचे २० सुटतात आणि खऱ्या मालवाल्याचे २० जातात. खरा माणूस एक हंगाम सोसतो, दोन सोसतो, मग नाद सोडतो. पुढच्या वर्षी तो चिन्नोर लावतच नाही, जास्त उताऱ्याचं जाडं धान लावतो. ग्राहकालाही हळूहळू कळतं की बाजारात खरं काही उरलं नाही. तोही ६० वर येतो. शेवटी चांगला तांदूळ घेणारा आहे, पिकवणाराही आहे, पण दोघांची गाठच पडत नाही.

फसवणुकीचा खर्च म्हणजे फसलेल्या गिऱ्हाइकाचे बुडालेले पैसे, असं आपण धरतो. अकरलॉफ यांनी दाखवलं की तेवढाच खर्च धरून चालत नाही. जो प्रामाणिक विक्रेता बाजारातून उठून गेला, त्याचाही हिशेब त्यात धरायला पाहिजे. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हे. मी त्यात आणखी एक खर्च जोडीन. सुपापाशी बसलेल्या बाईचे तास. दुकानात कोणीतरी खडा टाकला आणि तो काढायची मजुरी पिढ्यानपिढ्या घरातल्या बायकांनी फुकट केली. कोणत्याच वहीत ती लिहिलेली नाही.

इथं आपल्या भागातल्या माणसाची एक तक्रारही नोंदवली पाहिजे. प्रत्येक खडा मुद्दाम टाकलेला नसायचा. धान खळ्यावर बैलांच्या पायाखाली चुरलं जायचं. खळं शेणामातीनं सारवलेलं. त्यात माती येणार, खडा येणार, त्यात कोणाचं पाप नाही. पण नेमकं यानंच भेसळवाल्याचं फावलं. खळ्यावरचा खडा आणि दुकानातला खडा, सुपात दोन्ही सारखेच. "शेतातूनच आला असंल बापा," म्हटलं की विषय संपला. लबाडी नेहमी निष्काळजीपणाच्या आड लपते. आजही तसंच आहे, पुढे सांगतो.

हा प्रश्न काही १९७० चा नाही. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनं कशाची करावी ते सांगितलंय. लोखंडाची, किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची. म्हणजे पाण्यानं वाढणार नाहीत, उष्णतेनं बदलणार नाहीत अशी. मेकल म्हणजे बालाघाटच्या पलीकडची मैकल डोंगररांग, असं अभ्यासक मानतात. आपल्या शेजारचाच डोंगर. व्यापाऱ्यानं देशी मालावर शंभराला ५ आणि परदेशी मालावर शंभराला १० एवढाच नफा घ्यावा, हेही त्यात आहे. म्हणजे विकणाऱ्याच्या नीतीवर सोडून चालत नाही, हे राज्य चालवणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं.

नियम असला तरी बाजार त्यातून वाट काढतो. जुन्या लोकांना पायली, कुडव, खंडी आठवत असेल. ही सगळी आकारमानाची मापं. माप भरताना वर ढीग ठेवायचा, त्याला शीग म्हणतात. शेतकऱ्याकडून घेताना शीग लावून घ्यायचं आणि त्यालाच देताना हात फिरवून सपाट द्यायचं. मापात खोट नाही, खोट हातात. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला, तेव्हा ही हातचलाखी बरीचशी संपली. त्याआधी १९३७ च्या कायद्यानं शेतमालाची प्रतवारी करून शिक्का मारायची सोय झाली, तोच आपला अॅगमार्क. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला.

भावाचंही तसंच. एकेकाळी बाजारात हत्ता पद्धत चालायची. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा आणि भाव दोघांच्या बोटांत. हे मोडायला खुल्या लिलावाचे, नियंत्रित बाजाराचे कायदे लागले. त्यात पहिलं पाऊल विदर्भानंच टाकलं होतं. १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आपल्या बाजार समित्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा.

एवढे कायदे झाले, पण ग्राहक म्हणून माणूस एकटाच होता. भेसळ सापडली तर खटला सरकार भरणार, ग्राहक नुसता साक्षीदार. त्याचे पैसे त्याला परत कोण देणार? हा प्रश्न महाराष्ट्रात जोरात मांडला तो बिंदुमाधव जोशी यांनी. १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यांनी नुसती भाषणं केली नाहीत, ग्राहकांना एकत्र करून थेट सामूहिक खरेदी केली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. आज आपण "एमआरपी किती?" असं सहज विचारतो, ते विचारता यावं म्हणून कोणीतरी झगडलं आहे.

आता अकरलॉफ यांच्याकडे परत येऊ. ज्याला माल पारखता येत नाही, त्यानं भरवसा कशावर ठेवायचा? त्यांनी काही उपाय सांगितले. हमी, परवाना, आणि नाव. नाव म्हणजे आजच्या भाषेत ब्रँड. नाव खराब झालं तर पुढचा धंदा बुडतो, म्हणून नाववाला जपून वागतो.

नावाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शेजारी घडलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना 'पटेल ३' च्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवड केली, त्यातून बारीक, चवीचं, भरघोस उताऱ्याचं वाण तयार झालं. बाजारात आलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. व्यापाऱ्यानं नाव दिलं एचएमटी. तेव्हा एचएमटीचं घड्याळ म्हणजे भरवशाची वस्तू, लग्नात जावयाला द्यायची. घड्याळाचा भरवसा तांदळाला चिकटला आणि तांदूळ धावत सुटला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं शुद्ध करून १९९८ मध्ये ते वाण पीकेव्ही-एचएमटी म्हणून प्रसारित केलं.

यात विपणनाचा अख्खा धडा आहे. दाणा तोच, नाव बसल्यावर किंमत बदलली. पण नावाचा फायदा दादाजींपर्यंत फारसा पोचला नाही. मानसन्मान झाले, परिस्थिती बिकटच राहिली. ३ जून २०१८ ला ते गेले. आणि एचएमटी हे नाव कोणाच्याच ताब्यात नसल्यानं कोणत्याही पोत्यावर कोणीही ते छापावं, अशी वेळ आली. नावानं भरवसा येतो हे खरं. पण नावाला राखणदार नसेल तर तेच नाव खडा होतं.

आज तांदळात खडे सापडत नाहीत. राइस मिलमध्ये खडे काढायचं यंत्र आहे, काळा दाणा टिपणारं सॉर्टेक्स आहे. नव्या सुनांना तांदूळ निवडायचं काम माहीतही नसेल. चांगलंच झालं. मग खडा गेला कुठे?

तो आता दाण्यातच मिसळून येतो. नव्या तांदळाला जुना म्हणायचं. कनकी जरा जास्त जाऊ द्यायची. पोत्यावर एका वाणाचं नाव, आत दुसऱ्याच वाणाचा दाणा. हा खडा सुपात पडत नाही, दाताखाली लागत नाही. विचारलं तर उत्तर जुनंच, "मिलवरूनच तसा आला." सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात पिढीजात सचोटीनं धंदा करणारी दुकानं आहेत आणि त्यांचंच यात नुकसान आहे.

सुवासाचंही तेच. १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीसाठी अन्नसुरक्षेचे नवे मानक लागू झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय, की बासमतीला त्याचा नैसर्गिक सुवास असला पाहिजे, कृत्रिम सुगंध, कृत्रिम रंग, पॉलिशचे पदार्थ चालणार नाहीत. असा नियम करावा लागतो, यातच बाजारात काय चाललं असेल ते आलं. पण हा नियम बासमतीपुरता आहे.

काही गोष्टी बेकायदा नसतात, तरी त्यातून बाजाराचा स्वभाव कळतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनबंद तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. थोड्याच दिवसांत २६ किलोचं पोतं बाजारात आलं. कर चुकला आणि सगळं कायद्यात बसलं. पण २५ किलोच्या हिशेबानं भाव विचारणारं गिऱ्हाईक मात्र गोंधळलं. किलोमागे काय पडलं, हे आता भागाकार करूनच कळणार.

आणि इथं एक विसंगती बघा. आपला शेतकरी आधारभूत केंद्रावर धान घेऊन जातो तेव्हा त्याच्या मालात यंत्र खुपसतात. ओलावा १७ टक्क्यांच्या वर चालत नाही. माती-खडे शंभराला १ च्या वर चालत नाहीत. असलीच पाहिजे तपासणी, वाद नाही. पण तोच शेतकरी, त्याचीच बायको दुकानातून तांदूळ घेते तेव्हा तिच्या हातात कोणतं यंत्र आहे? तिचे डोळे. फार तर दाताखाली दाणा तोडून बघणं. विकताना तपासणी त्याचीच आणि घेतानाही भुर्दंड त्यालाच.

अकरलॉफ २०१५ मध्ये पुन्हा या विषयावर आले. रॉबर्ट शिलर या दुसऱ्या नोबेलवाल्या अर्थतज्ज्ञाबरोबर त्यांनी 'फिशिंग फॉर फूल्स' नावाचं पुस्तक लिहिलं. १९७० मध्ये ते म्हणत होते, ग्राहकाला माहिती नसते म्हणून तो फसतो. ४५ वर्षांनी त्यांनी पुढचं सांगितलं. माहिती असली तरी माणूस फसतो, कारण त्याला मोह असतो, भीती असते, घाई असते. आणि जिथं माणसाची कमजोरी आहे, तिथं तिच्यावर नफा कमावणारा कोणीतरी येणारच. एकानं सोडलं तर दुसरा येईल. वाईट माणसं असतात म्हणूनच हे होतं असं नाही, स्पर्धाच चांगल्या माणसालाही तिकडे ढकलते.

हे समजायला पुस्तक लागत नाही, हातातला मोबाईल पुरे. 'फक्त २ शिल्लक.' 'ऑफर १० मिनिटांत संपणार.' सामान निवडताना एक किंमत, पैसे भरताना दुसरीच. न मागितलेला विमा आपोआप यादीत. सुरू करायला एक बटण, बंद करायला सात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. इंग्रजीत त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. मी त्यांना तांदळाच्या रंगाचा खडा म्हणतो. मुद्दाम टाकलेला आणि ओळखू येऊ नये असा घडवलेला. फरक इतकाच, की पूर्वी खडा तांदूळ कसा दिसतो ते बघून निवडला जायचा, आता तुम्ही कसे वागता ते बघून.

हे सगळं आजच का लिहिलं? कारण भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शेजारी बालाघाटच्या चिन्नोरलाही २०२१ मध्ये ते मिळालं. म्हणजे एचएमटीच्या वेळी जे नव्हतं, ते यावेळी आहे. नावाला कायद्याचा राखणदार. मानांकनाखाली उत्पादकांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते आणि खोटं नाव लावणाऱ्याला कायद्यात शिक्षाही आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर टांगून नाव टिकत नाही. नागपूर-पुण्यातल्या गिऱ्हाइकानं एकदा 'भंडारा चिन्नोर' म्हणून पिशवी नेली, शिजवल्यावर वासच आला नाही, तर तो त्या एका दुकानाला दोष देणार नाही. तो म्हणेल, भंडाऱ्याचा चिन्नोर म्हणजे असाच. वर मांडलेला १००, ८० आणि ६० चा हिशेब तिथूनच सुरू होतो आणि त्यात पहिला उठून जाईल तो बांधीत उभा राहून खरा चिन्नोर पिकवणारा आपला माणूस.

म्हणून तीन गोष्टी करता येतील. शेतकरी गटांनी आणि उत्पादक कंपन्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी आणि पिशवीवर गावाचं, गटाचं नाव छापावं, म्हणजे माल कोणाचा ते कळेल. मिलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतःहून वाण, हंगामाचं वर्ष आणि कनकीचं प्रमाण लिहावं. सचोटीच्या दुकानदाराला हीच जाहिरात आहे. आणि आपण ग्राहकांनी बिल घ्यावं. "बिल कशाला, घरचेच तर आहोत," या बोलण्यावर जाऊ नये. घरचे आहेत तर बिल द्यायला हरकत काय?

बिल असेल तर पुढचा रस्ताही आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. भंडाऱ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथंच तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही लावलाच पाहिजे असं नाही. माझ्या पत्रकारितेत मी पाहिलंय, लोक फसतात, चार दिवस चिडतात, मग "जाऊ द्या नं भाऊ" म्हणून सोडून देतात. तेवढ्यावरच लबाडाचा धंदा चालतो.

एक विनंती. तुमच्या घरी सत्तरीच्या पुढची आजी असेल तर तिला विचारा. खडा कसा ओळखायची, शीग कशी लावायचे, कोणत्या बाजारात माप खरं मिळायचं, कोणत्या दुकानदाराचं नाव डोळे झाकून घ्यायचे. जे सांगेल ते लिहून ठेवा आणि मला पाठवा. अकरलॉफ यांना त्यातलं एक वाक्य पुरलं. आपल्याकडे त्याची अख्खी वही निघेल.